आजीची नाव

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला परमुलखात पहिली ओळख पटते ती समुद्राचीच. १९९६ साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही वसईहून जपानातील नागासाकीला बिऱ्हाड हलवले, तेव्हा आमचेही तसेच झाले. रविवारी उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाली की डबा बांधून आम्ही मुलांसह बाहेर पडत असू. उन्हाळ्यात ताकाहामाच्या पुळणीवर जायचे. तेथे डोळ्यांवर पट्टी बांधून काठीने कलिंगड फोडण्याचा खेळ रंगे. दूर पाण्यात हाशिमा बेट दिसे. तेथील कोळशाची खाण १९७४ साली बंद पडली, माणसे निघून गेली आणि ओसाड इमारती तेवढ्या उरल्या.

ऑक्टोबरच्या ७ ते ९ तारखांना सुवा देवळाचा ‘कुन्ची’ उत्सव असे. त्यातील ड्रॅगनचा नाच पाहताना मुले हरखून जात. हा उत्सव १६३४ साली, ख्रिस्ती धर्मावर बंदी असतानाच्या काळात सुरू झाला, हे पुढे कळले तेव्हा आमच्या मनात कुठेतरी खंत दाटली. आपण येथे केवळ प्रेक्षक आहोत, अशी आम्ही मनाची समजूत घालत होतो.

१९९८ च्या जूनमध्ये आई देवाघरी गेली. रजा मिळून विमान गाठेपर्यंत गावी दफनविधी उरकलाही होता. आम्ही गेलोच नाही. तिच्या नावे मिस्सा ठेवली, घरी जपमाळ केली. तरी तिच्या कबरीवर मूठभर माती आपल्या हातून पडली नाही, हे शल्य काही केल्या जाईना.

त्याच वर्षी शेजारच्या वृद्ध बाईंचे यजमान वारले होते. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल, ते घर १५ ऑगस्टच्या संध्याकाळी मृताच्या आत्म्यासाठी नौका सजवून रस्त्याने मिरवत नेते. ‘शोरो-नागाशी’ म्हणतात त्याला. बाईंनी आम्हांला आग्रहाने बोलावले. जावे की न जावे? आम्ही धर्मगुरूंना विचारले. ते म्हणाले, “दुःखितांचे सांत्वन करणे हे दयेचे कृत्य आहे. पूजा त्यांची, सोबत तुमची.”

त्या सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा झाली. याच तारखेला, १५४९ साली, संत फ्रान्सिस झेविअर कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरले होते. संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. कंदिलांनी उजळलेल्या नौका एकामागून एक येत होत्या. फटाक्यांच्या आवाजाने कानठळ्या बसत होत्या. आम्हांला शोक म्हणजे मौन ठाऊक. येथे तो एवढ्या कल्लोळात चालला होता! पूर्वी या नौका समुद्रात सोडीत. आता बंदराजवळ नेऊन त्या मोडून टाकतात. नवऱ्याची नौका मोडताना बाई रडल्या नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला, बस्स.

तेवढ्यात आमच्या धाकटीने विचारले, “आजीची नाव कुठे आहे?”

आम्हां दोघांनाही उत्तर सुचले नाही. दोन महिने आवरलेले अश्रू त्या गर्दीत मोकळे झाले. बाईंनी काही न विचारता आमचा हात हाती घेतला. सांत्वन करायला गेलेल्यांचेच सांत्वन झाले.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही निशिझाका टेकडीवर गेलो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे क्रूसावर प्राण अर्पिलेल्या सव्वीस हुतात्म्यांत आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. १९६२ साली उभारलेल्या स्मारकावर त्यांचीही कांस्यमूर्ती आहे. यापूर्वी आम्ही तेथे अभिमानाने जात होतो. त्या दिवशी मात्र वेगळेच जाणवले. त्यांच्याही अंतकाळी घरचे कोणी जवळ नव्हते. वसईची माती त्यांनाही मिळाली नाही. म्हणून काय ते देवाला दुरावले?

मूर्तीपुढे आम्ही मेणबत्ती लावली. धाकटीला सांगितले, “आजीला नाव लागत नाही, बाळ. तिला न्यायला प्रभू स्वतः आला होता.”

२ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिनी, मिस्सा संपवून वळलो तर शेवटच्या बाकावर शेजारच्या बाई बसल्या होत्या. हातात पांढरी शेवंतीची फुले होती, आमच्या आईसाठी.