अकरा टक्के

डोंगर उतरताना गाडीची बॅटरी आपोआप भरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हार्डांगरविड्डाच्या पठारावरून खाली समुद्राकडे येताना आकडा चक्क सहा टक्क्यांनी वाढला. पण वर चढेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला!

ओस्लोहून बर्गेनला निघालो होतो, मुलगा आणि मी. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ९ विजेच्या होत्या म्हणे, आणि वीजही बहुतेक सगळी धबधबे-धरणांची. आमची गाडी मात्र जुनी, लहान. वाटेतल्या गोल गावात चार्जरला रांग होती, म्हणून हा थांबला नाही. त्यात चढ, पाऊस. गायलो गाव आलं तेव्हा उरले होते अकरा टक्के.

तिथला चार्जर याचं कार्ड घेईना. मोबाइलवरून करून पाहिलं, तेही नाही. शेजारचा चार्जरही तसाच. बेळगावात निदान ओरडून कुणाला तरी बोलावता आलं असतं! तेवढ्यात पलीकडच्या गाडीतून माझ्याच वयाच्या एक बाई उतरल्या. काही न बोलता आपल्या किल्लीच्या जुडग्यातली गोल चकती त्यांनी चार्जरला टेकवली, आणि वीज सुरू झाली. पैसे काही केल्या घेईनात. मग मी पिशवीतला कुंद्याचा डबा उघडला. तो मात्र घेतला हो त्यांनी, दोनदा.

आता पाऊण तास बसून राहायचं. दशम्या आणि शेंगाची चटणी काढली. (सूर्यास्ताआधी जेवायचा माझा नेम, तिथे जूनमध्ये रात्री साडेदहालाही सूर्य हलेना. इतका सोपा नेम जन्मात पाळला नव्हता.)

फोनवर हा नेहमी घाईत. इथे कुठे जाणार? दशमी मोडता मोडता म्हणाला, "आई, मी इथंच कायम राहायचा अर्ज केलाय. मार्चमध्येच."

आता जून सरत आला होता. म्हणजे तीन महिने दर रविवारी मी याला वरच्या मजल्याच्या रंगाचं विचारत होते, आणि हा "बघू की" म्हणत होता.

"बाबांना ठाऊक आहे?"

"हं."

काचेवरून पाणी ओघळत होतं. मी चटणीची पुडी बांधली, सोडली, परत बांधली.

"किती झालं रे?"

"ऐंशी. ह्यापुढं फार हळू भरतं. निघूया?"

"थांब की थोडं," मी म्हटलं. "भरू दे."