शतावरीचा शिक्का

गेल्या आखाजीला धुळ्याला माहेरी गेले होते. गल्लीत निंबाला झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि आमच्या चुलतभावाच्या घरात मात्र दार लोटून घेतलेलं. त्याच्या सुनेचं सातव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं होतं, त्याला पाच दिवस झाले होते. पोर बावीस वर्षांची. खाटेवर उताणी पडली होती, दोन्ही हात अंगापासून लांब ठेवलेले. कोणी काही सांगायच्या आधीच मला कळलं. हात तसे कधी ठेवावे लागतात ते मला माहीत आहे.

मी तिच्या सासूकडून दवाखान्याचा कागद मागून घेतला. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, दुखण्याची गोळी, आणि त्याखाली निळ्या शाईचा शिक्का: शतावरी पावडर, दोन चमचे, दुधातून, दिवसातून दोन वेळा.

शतावरी बाळंतिणीला देतात ती दूध वाढावं म्हणून. बाळ नसलेल्या बाईच्या कागदावर तो शिक्का होता. माझ्याही कागदावर होता, 2011च्या मे महिन्यात. जळगावचा दवाखाना वेगळा, हा वेगळा, मधे चौदा वर्षं गेलेली. कागद हातात धरून मी तिथेच बसून राहिले.

माझं थोडक्यात सांगते. चौतिसावा आठवडा, बीपी वाढलेलं, पायांवर सूज. एका दुपारी हालचाल थांबली. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. दवाखान्यातली माणसं वाईट नव्हती, नर्सने माझे केससुद्धा विंचरून दिले होते. पण आता दूध येईल, हे एका शब्दाने कोणी बोललं नाही. बाळ गेलं म्हणजे दूधही येणार नाही, असंच मी धरून चालले होते. मी शिकलेली बाई, बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलेलं. तरी माहीत नव्हतं की वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनपुढचा अडसर निघतो आणि दोन-चार दिवसांत छाती भरते. बाळ रडलं की नाही, हे शरीर विचारत नाही. पाचव्या महिन्यानंतर बाळ गेलं तरी दूध येऊ शकतं.

हे तो कागद घेऊन मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने कागदावर होतं ते सगळं काढून दिलं. शतावरीच्या डब्यावर मांडीवर बाळ घेतलेल्या बाईचं चित्र होतं. ते मला दिसू नये म्हणून ह्यांनी वाटेत ब्लेड विकत घेतलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून चित्र खरवडून काढलं. डबा घरी आला तेव्हा मधोमध पांढरा ओरखडलेला चौकोन होता, एका कोपऱ्यात साडीचा हिरवा काठ तेवढा राहिलेला. चित्र मला लागेल हे त्या माणसाला कळलं. आतली पावडर कशासाठी आहे हे विचारायचं सुचलं नाही, कारण ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं.

सासूबाई स्वतः कालवून द्यायच्या. स्टीलच्या पेल्यात कोमट दूध, दोन सपाट चमचे, गुठळी राहू नये म्हणून एकसारखं ढवळून. पेला रिकामा होईपर्यंत शेजारी उभ्या राहायच्या. वर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि खाटेखाली शेगडी. शेजारची एक बाई म्हणाली, आता कशाला एवढं? सासूबाई तिच्यावर उसळल्या, "बाळ नाही म्हणून ती बाळंतीण नाही का?" हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या बाळंतपणाला बाळंतपण म्हणणारं त्या दिवसांत दुसरं कोणी नव्हतं. आणि त्याच मायेने त्या मला रोज दोन पेले पाजत होत्या. चार दिवसांचे आठ पेले. मी मोजलेत.

चौथ्या रात्री तीनच्या सुमारास जाग आली ती अंगावर दगड ठेवल्यासारखी. छाती टणक, तापलेली, काखेपर्यंत गाठी. ब्लाउज, चादर भिजलेली. मला वाटलं घाम आहे. मग वास आला, गोडसर. मी ओरडले नाही. अंधारात बसून राहिले आणि माझ्या शरीराचा मला इतका राग आला की तसा राग पुढे कधी कोणाचा आला नाही.

सकाळी जाऊबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली. आटवायचं तर बांधायचं, एवढंच त्यांना ठाऊक. संध्याकाळपर्यंत ताप चढला. दुसऱ्या दिवशी माय आली आणि एरंडोल, पारोळा करत नव्वद किलोमीटर मला जीपमधून धुळ्याला घेऊन गेली. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या छातीपुढे उशी धरायची.

आमच्या गल्लीत केरळच्या एक निवृत्त सिस्टर राहायच्या. त्यांनी आधी पट्टी सोडली. आवळून बांधल्याने दूध आटत नाही, नळ्या तुंबतात, म्हणाल्या. अंगाला बसेल अशी साधी बॉडी घालायला लावली, थंड पाण्याच्या घड्या दिल्या. फार ताण आला तर हाताने थोडं काढायचं, जीव सुटेल एवढंच. आजी दारातून म्हणाली, "जितलं काढशी तितलं येई." सिस्टर म्हणाल्या, आजी बरोबर सांगतात, म्हणूनच रिकामं करायचं नाही. मग मायला त्यांनी मोगरा आणायला पाठवलं. पावशेर कळ्या, गजरे न करता तशाच, बॉडीच्या आत पसरायच्या, सुकल्या की बदलायच्या. आमच्याकडे हे कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्याकडे दक्षिणेत करतात. फार पुढे कळलं की वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी 1988मध्ये ह्या मोगऱ्याचा ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळीशी ताडून अभ्यास छापला होता. प्रोलॅक्टिन गोळीने जास्त उतरलं, पण छातीचा ताण आणि दूध कमी व्हायला फुलंही गोळीच्या तोडीची ठरली. अमेरिकेत तर दूध थांबवायला ब्रोमोक्रिप्टिन देणं पुढे 1990च्या दशकात बंदच झालं, बाळंतिणींना झटके आणि पक्षाघात झाल्याच्या तक्रारींमुळे.

मला गोळी का दिली नाही, म्हणून मी पुष्कळ चिडले होते. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आता कॅबरगोलिन देतात, बाळंतपणानंतर पहिल्याच दिवशी दिलं तर बहुतेक दूध येतच नाही, पण माझं बीपी तेव्हा उतरलेलं नव्हतं आणि अशा बाईला ती गोळी धोक्याची. म्हणजे गोळी न देणं बरोबर होतं. तो राग मी सोडला. शिक्क्याचा नाही सोडला. न बोलण्याचा तर नाहीच.

काढलेलं दूध वाटीत धरायचे. ते पायदळी येऊ नये म्हणून आजी मागच्या शेवग्याच्या बुडाशी घालायची. एका सकाळी रात्रीची वाटी तशीच राहिली होती. खाली निळसर पातळ दूध आणि वर पिवळट सायीचा थर, बोटाने सारला तर सरकेल असा. मी ती वाटी बराच वेळ पाहिली. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989मध्येच मातृदुग्धपेढी काढली होती, आशियातली पहिली. दुसऱ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथे असं दूध मिळतं. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर? दिलं असतं असं आज वाटतं. पण त्या दिवसांत विचारणाऱ्याच्या अंगावर धावूनही गेले असते.

ज्यांच्या हातात वॉर्ड आहे त्यांना मी हात जोडून सांगते. अशा बाईला घरी सोडताना पाच मिनिटं खुर्ची ओढून बसा. दूध येईल, कधी येईल, काय करायचं, छाती लाल होऊन ताप आला तर लगेच यायचं, एवढं सांगा. ते एकटीला न सांगता घरात रांधणाऱ्या बाईलाही सांगा. केंद्र सरकारने 2022च्या सप्टेंबरात आपल्या नोकरदार बायकांना मृत बाळ जन्मलं तरी साठ दिवसांची रजा दिली. बाळ नसलं तरी ती बाळंतीण आहे, हे माझ्या सासूबाईंचं म्हणणं सरकारच्या कागदावर आलं. दवाखान्याच्या शिक्क्यापर्यंत ते अजून आलेलं नाही.

दूध आटायला मला साडेतीन आठवडे लागले. रोज सकाळी चाचपून पाहायचे, कधी संपतं म्हणून. संपलं. सातव्या आठवड्यात जळगावला परत निघाले. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली, मागच्या सीटवर एक तान्हं रडायला लागलं, भुकेचं रडणं. छातीत मुंग्या आल्या आणि ब्लाउजवर आठ आण्याएवढा ओला डाग उमटला. मी पदर ओढून घेतला. मनात आलं, आहे अजून. आणि मला बरं वाटलं. ज्याचा एवढा तिरस्कार केला त्याचा एक थेंब उरला म्हणून बरं वाटलं. पुढे बस सुटेपर्यंत मी कान मागेच लावून बसले होते, पण ते बाळ दूध मिळून गप्प झालं.

आखाजीच्या त्या दुपारी मी पेनाने कागदावरची शतावरी खोडली, डबा फडताळात वर टाकला, भाच्याला मोगऱ्याला पिटाळलं. पोरीच्या सासूला सगळं दोनदा समजावलं. पोर ऐकत होती. मग तिने विचारलं, "फुई, कितला दिन येई हाई?"

आठ-पंधरा दिवसांत उतरेल, मी म्हटलं. एखादा थेंब पुढेही येतो, घाबरायचं नाही. पारोळ्याचं मी तिला सांगितलं नाही.