जाड अक्षराचं पांढरं पोट

जाड, गोलसर अक्षर पाहिलं की डोळ्यांत आधी भरतो तो त्याचा काळा ऐवज. मला मात्र असं अक्षर त्याच्या पांढऱ्यावरून पारखावंसं वाटतं, आणि देवनागरीत ही पारख फार कडक होते. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट बघा. त्यात अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळपास संपवलेली आहे. केसाएवढ्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात आणि त्यांच्यावरच वाचणं चालतं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्यात लावून पाहावा. प आणि ष यांच्यात फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. भिंती जाड झाल्या की तिला मावायला पोटच राहत नाही. त्यातून इथला ष अर्धा, दंड गेलेला, लगेच ट बिलगलेला, त्याच्या पायाशी र, आणि डोक्यावर शिरोरेघ, तीही जाड. घ-ध, म-भ या जोड्या तर बऱ्याचशा शिरोरेघेतल्या खंडावर ओळखू येतात. गोलाईच्या भरात तो खंड बुजला, तर ‘भात’ वाचावं की ‘मात’?

एवढा खटाटोप कशाला, सॉफ्टवेअरात बोल्डचं बटण आहेच, असं कुणी म्हणेल. पण फॉन्टला स्वतःचं बोल्ड नसेल, तर ते बटण अक्षराची कड नुसती फुगवतं, आतूनसुद्धा. जाणता अक्षरकार दंडाला वजन देतो, तिरकी रेघ बारीक ठेवतो, दोन रेघा मिळतात त्या सांध्यात किंचित कोरतो. बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारा जाड-बारीक भेद या वळणात जवळपास सोडून द्यावा लागतो, म्हणून सगळा तोल या कोरण्यावर येतो. दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो: ही अक्षरं पोरकट दिसतात, गंभीर मजकुराला शोभत नाहीत. शोकसंदेश त्यात कुणी लावू नये, हे खरंच. पण शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचा 1922 मधला ‘कूपर ब्लॅक’ही असाच जाड आणि गोल, आणि बीच बॉइजच्या 1966 च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या वेष्टनावर तोच आहे. त्या अल्बममधली कित्येक गाणी उदास आहेत. अक्षरांनी त्यांना हलकं केलेलं नाही. गोलाई जवळीक दाखवते, वय नव्हे.

वापराचे नियम याच पांढऱ्यातून निघतात. लहान आकारात, विशेषतः वर्तमानपत्री कागदावर, शाई पसरून केसाएवढी रेघ मिटते. म्हणून ‘मोदक’ मोठा हवा आणि शब्द दोन-तीनच. मथळा लांबला तर त्याच संस्थेचा ‘बालू 2’ घ्यावा. त्याला रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं आहेत आणि पोटं मोकळी आहेत. मंडळाच्या फलकावर नाव ‘मोदक’मध्ये खुशाल लावावं, तारीख, वेळ आणि पत्ता मात्र ‘मुक्त’सारख्या साध्या टंकात.