डाव देणे

मराठीत ‘डाव’ या शब्दाचा संसार मोठा आहे. डाव मांडतात, टाकतात, साधतात. डाव उलटतो आणि प्रसंगी अंगाशीही येतो. परंतु या सर्वांहून आम्हांस मोलाचा वाटतो तो विटीदांडूच्या मैदानावरचा प्रयोग : ‘डाव देणे’. आपण बाद झालो की दांडू निमूटपणे दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. डाव न देता घरी पळणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कोणी खेळावयास घेत नसे.

दिवाळीच्या सुटीत आमचे दोन पुतणे उदयनगरला आले, तेव्हा या शब्दाची नव्याने ओळख पटली. त्यांच्यापाशी सोनी कंपनीचे एक जुने, ओंजळीत मावणारे खेळयंत्र होते आणि त्यात ‘वर्म्स’ नावाचा खेळ. अँडी डेव्हिडसन या इंग्रज तरुणाने तो रचला, ‘टीम १७’ या कंपनीने विकसित केला व १९९५ साली तो प्रथम बाजारात आला. मुलांजवळची आवृत्ती २००६ सालची. दोन्ही पक्षांत गांडुळांचे सैन्य! एकाने नेम धरावा, बटण दाबून जोर ठरवावा, गोळा सोडावा आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे. घड्याळ चालूच असते. वेळ संपली की पाळी गेली.

“काका, आधी वारा बघा!” धाकट्याने आम्हांस बजावले. वाऱ्याची दिशा पडद्यावर दिसते व ती दर पाळीस पालटते. तोफगोळा वाऱ्याने वाहवतो, हातबॉम्ब मात्र वाहवत नाही. गोळा आपपरभाव जाणत नाही. जवळ उभा असलेला स्वकीयही त्यात उडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक स्फोटाने जमिनीला खड्डा पडतो, तो डाव संपेपर्यंत बुजत नाही. चार-सहा पाळ्यांनंतर दोन्ही पक्षांच्या पायांखालची भूमी पोखरलेली असते आणि खाली पाणी.

आज ‘गोलंदाज’ म्हटले की क्रिकेट आठवते. मूळचा गोलंदाज तोफेपाशी उभा असे. आमच्या माळव्यात, क्षिप्राकाठच्या महिदपुरास, २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचे असे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी झुंजले. समोर हिस्लॉप व माल्कम यांच्या फौजा होत्या. तोफा चांगल्या होत्या, हिंमतही होती. परंतु बाल मल्हाररावांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद आदल्याच दिवशी स्वतःच्याच छावणीतील लोकांनी केला होता. भूमी आधीच पोखरली गेली होती. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला.

याउलट उदाहरणही आमच्याच जिल्ह्यात आहे. तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंपासून देवासला थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. एकाच गावात दोन दरबार. तरीही १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत दोन्ही नांदल्या.

वाचकहो, हे सारे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. त्या दोन मुलांचे वडील, म्हणजे आमचे दोघे धाकटे बंधू, देवासच्या वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून दोन वर्षे परस्परांशी बोलत नाहीत. दोघांनीही आपापले गोळे सोडले. पाळी दुसऱ्याला कोणीच दिली नाही. वाडा अद्याप उभा आहे, परंतु त्याखालचे नाते पोखरत चालले आहे. मुले मात्र एकमेकांची सैन्ये बुडवून लगेच त्याच हातांनी यंत्र पुढे करतात. कारण ते पुढे केल्यावाचून खेळच पुढे सरकत नाही, हे त्यांना उमगले आहे.

शाळेत आम्ही वर्षानुवर्षे मुलांना बोलावयास शिकविले. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावयास शिकविणे हेही भाषेचेच शिक्षण होय. आम्ही दोन्ही बंधूंना एकाच मजकुराची पत्रे धाडली आहेत : येत्या संक्रांतीस वाड्यात जमावे, कागदपत्रे बरोबर आणावीत. अट एकच, एक बोलत असता दुसऱ्याने ऐकावे आणि आपले बोलून झाले की डाव द्यावा.