पेत्र स्वोबोदा : एका बचावपटूची कारकीर्द

पेत्र स्वोबोदाचा जन्म १४ फेब्रुवारी १९६६ रोजी चेकोस्लोव्हाकियातील मोस्त येथे झाला. उत्तर बोहेमियाचा हा भाग कोळशाच्या खाणींचा. जवळच्याच लित्वीनोव्ह गावातील क्लबाने देशाला अनेक नामवंत आइस हॉकीपटू दिले. स्वोबोदाही तिथेच घडला आणि बचावपटू झाला. प्रतिस्पर्ध्याला गोलजाळ्यापासून दूर ठेवायचे, पक (खेळातली रबरी चकती) हिसकावून पुढच्या फळीकडे सोपवायचा, हे बचावपटूचे काम. ते चोख झाले की गुणफलकावर काहीच उमटत नाही. म्हणून त्याची खरी किंमत सहसा त्याच्या संघालाच कळते.

१९८४ मध्ये कुमार संघाबरोबर पश्चिम जर्मनीत गेलेला स्वोबोदा मायदेशी परतला नाही. परवानगीवाचून परदेशात राहणे हा तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीत गुन्हा होता. अठराव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने घर दुरावले आणि राष्ट्रीय संघाची दारेही बंद झाली. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या खेळाडू-निवडीत माँट्रियल कॅनेडियन्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, तो लीगचे विजेतेपद म्हणजेच स्टॅनली चषक जिंकणाऱ्या संघात होता. पुढे १९९२ मध्ये तो बफेलो सेबर्सकडे आणि १९९५ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे गेला.

दरम्यान १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि १९९३ च्या आरंभी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. ज्या राष्ट्राच्या कुमार संघातून स्वोबोदा निघून गेला होता, ते आता नकाशावर उरले नव्हते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकसाठी नॅशनल हॉकी लीगने प्रथमच आपला हंगाम थांबवून खेळाडूंना मोकळे केले, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो चेक प्रजासत्ताकाकडून बर्फावर उतरला. प्रशिक्षक इव्हान ह्लिंका हेही लित्वीनोव्हचेच.

या संघाने उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला आणि उपांत्य फेरीत पेनल्टी फटक्यांवर कॅनडाला हरवले. अंतिम सामना २२ फेब्रुवारीला रशियाशी झाला. दोन सत्रे गोलशून्य गेली. तिसऱ्या सत्राच्या नवव्या मिनिटाला स्वोबोदाने निळ्या रेषेजवळून मारलेला फटका रशियन गोलरक्षक मिखाइल श्तालेन्कोव्हला चुकवून जाळ्यात गेला. एवढ्याने सामना संपला नव्हता. उपांत्य सामन्यात एकट्याने पाच गोल करणारा पावेल बुरे समोर होता आणि जवळजवळ बारा मिनिटे बाकी होती. गोलरक्षक दोमिनिक हाशेक आणि त्याच्यापुढच्या बचावफळीने ती निभावली. चेक संघ १-० ने जिंकला. चेकोस्लोव्हाकियालाही कधी न मिळालेले ऑलिंपिक आइस हॉकीचे सुवर्णपदक चेक प्रजासत्ताकाच्या हाती आले. पुढे २००४ मध्ये प्रागमध्ये या विजयावर ‘नागानो’ नावाचा ऑपेराही रंगला.

स्वोबोदा त्यानंतर टँपा बे लाइटनिंगकडून खेळला आणि २०००–०१ हा त्याचा अखेरचा हंगाम ठरला. निवृत्तीनंतर तो खेळाडूंचा प्रतिनिधी झाला. लीगमधील १,०२८ सामन्यांत त्याच्या नावावर अवघे ५८ गोल आहेत, म्हणजे साधारण अठरा सामन्यांमागे एक. लोकांच्या स्मरणात मात्र या ५८ मध्ये न मोजलेला नागानोचा गोल राहिला. त्या गोलाला सुवर्णपदकाचे मोल आले ते रशियाला अखेरपर्यंत बरोबरी साधू न दिल्यामुळे; आणि समोरच्याला गोल करू न देणे हेच तर स्वोबोदाचे आयुष्यभराचे काम होते.