घाई नडली!

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चा पहिला सीझन (२०१९) म्हणजे कहर होता! अनाथाश्रमात आईच्या मायेने जपणारी बाईच मुलांना राक्षसांच्या ताटात धाडते. मी आणि धाकट्या बहिणीने १२ भाग एका वीकेंडला फस्त केले.

२०२१मध्ये ती पुण्यात, मी मुंबईत. दुसरा सीझन फोन चालू ठेवून एकत्र बघायचा, हे ठरलेलं. पण मूळ मांगातलं 'गोल्डी पाँड'चं अख्खं प्रकरणच गाळलेलं, युगो गायब! सगळं ११ भागांत कोंबलं आणि शेवटी महत्त्वाच्या घटनांचा नुसता स्लाइड शो. "ताई, संपलं?" तिचा आवाज एवढुसा झाला होता.

वाईट गोष्ट पचते हो. चांगल्या गोष्टीची घाईत लावलेली वाट नाही पचत. मग आम्ही मांगाचे २० खंड वाचायला घेतले. रविवारचा फोन तेवढा चालू राहिला.