साडेनऊनंतरचं आकाश

आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरवायचा म्हटलं, की लोकांना वाटतं आधी दुर्बीण शोधायची. नाही हो! आधी कालनिर्णय शोधायचं. अमावस्या कधी, तिच्या जवळचा शनिवार कुठला, त्या आठवड्यात सबमिशन नाही ना, कुणाच्या मामाच्या मुलीचं लग्न नाही ना... एवढ्या चाळणीतून जी तारीख खाली पडेल ती आपली.

आमचा कॉलेजचा गट दरवर्षी मार्चमध्ये एक रात्र शेतात काढतो. नुसते आम्ही नसतो. जालन्यातले आणि आसपासच्या तालुक्यांतले आकाशवेडेही येतात. दोन गुरुजी, एक मेडिकलवाले काका आणि एमआयडीसीत लेथ चालवणारे एक दादा. त्या दादांनी सहा इंची आरसा महिनोन्‌महिने हाताने घासून, पीव्हीसी पाइपात बसवून दुर्बीण केली आहे. दादांना कुणी शाबासकी दिली की ते म्हणतात, "त्यात काय? लेथवाल्याला मायक्रॉनची सवय असते." त्यांचं बरोबरच आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड नावाच्या गावात रसेल पोर्टर या माणसाने १९२० मध्ये आरसे घासायचा वर्ग काढला, तेव्हा त्याचे बरेचसे विद्यार्थी मशीन टूलच्या कारखान्यातले कामगारच होते. त्यांचा 'स्टेलाफेन' नावाचा मेळावा १९२६ मध्ये सुरू झाला. रोलिंग मिलच्या गावात आकाशाचं वेड लागण्यात विचित्र काही नाही, हे सांगायला मला हे उदाहरण फार आवडतं.

मार्चच का? चार्ल्स मेसिएर नावाचा एक फ्रेंच माणूस अठराव्या शतकात धूमकेतू शोधत असे. धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे धुरकट ठिपके त्याला फसवायचे, म्हणून त्याने त्यांची यादीच करून टाकली. गंमत बघा, त्याचे धूमकेतू आज फारसे कुणाला आठवत नाहीत, यादी मात्र सगळे वापरतात. आज तिच्यात ११० तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका आहेत. मार्चच्या शेवटी, अमावस्येच्या आसपास, ही यादी एका रात्रीत जवळजवळ पूर्ण बघता येते. अट एकच, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जागायचं.

आणि इथेच आमचं घोडं अडत होतं. आधीच्या दोन्ही वर्षी मुलींना साडेनऊला गाडीत बसवून घरी पाठवलं होतं. कारण तेच नेहमीचं, रात्रीची वेळ आणि जबाबदारी कोण घेणार. पण मित्रहो, साडेनऊला घरी जाण्याने फक्त झोप मिळते असं नाही, आकाश अर्धं होतं! मार्चमध्ये रात्री आठला मृग, रोहिणी, कृत्तिका दिसतात. ज्येष्ठा उगवते अकरानंतर. वृश्चिकाची नांगी आणि आकाशगंगेचा गाभा साडेबारानंतर. बरं, हाच भाग संध्याकाळी वर येतो तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. ऑक्टोबरमध्ये ढग उघडतात तोवर तो पश्चिमेला कललेला. म्हणजे मुलांनी पाहिलेलं आकाश वेगळं आणि आम्ही पाहिलेलं वेगळं. मी दोन वर्षांत मृग नक्षत्र पाठ केलं, पण आकाशगंगा स्टेलॅरियमच्या स्क्रीनवरच पाहिलेली.

२०२५ ला संयोजन माझ्याकडे आलं. मी ठरवलं, या वेळी मुली पूर्ण रात्र थांबणार, नाहीतर मीही साडेनऊला जाणार आणि उरलेली रात्र मुलांनी आपापली सांभाळावी.

कालनिर्णयने मात्र आमची चांगलीच परीक्षा घेतली. शनिवार, २९ मार्च, फाल्गुन अमावस्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. रमजान संपत आलेला. भरीला त्याच दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण! घरी विषय काढताच आजी कडाडली, "अमावस्येला, गिराणाच्या दिवशी पोरी शेतात? डोकं जाग्यावर आहे का?" मी शांतपणे पंचांग तिच्यापुढे ठेवलं. ग्रहण भारतात दिसणार नव्हतं, आणि न दिसणारं ग्रहण पाळायचं नसतं हा तिचाच नियम. ग्रहणावर आजी गप्प झाली. अमावस्येवर नाही.

कॉलेजला अर्ज दिला. त्यात लिहिलं, की पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवतं आणि तिथे अख्खी कुटुंबं येतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधार हीसुद्धा जपायची वस्तू आहे. (हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं.) उत्तर आलं : सोबत एखादी जबाबदार महिला रात्रभर हवी. अट चुकीची नव्हती. पण पाडव्याच्या आदल्या रात्री कुठली मॅडम घर सोडून शेतात येईल? सगळ्यांना विचारून झालं. मम्मीच्या मागे पुरणाचा घाट होता.

अर्ज तसाच पडून राहणार असं दिसत असताना एका रात्री आजी जेवता जेवता म्हणाली, "मी येते. गुडघ्यापायी मला तशी पण झोप लागत नाही."

मी घास हातात धरून बसले. "आणि अमावस्या?"

"मी सोबत असल्यावर काय करते अमावस्या?"

मग तिनेच माझ्या फोनवरून अकरा घरी फोन लावले. प्रत्येक घरी एकच वाक्य, "मी आहे ना." कुंडलिकेपलीकडे जुन्या जालन्यातल्या माझ्या मैत्रिणीचा रोजा होता. तिच्या अम्मीला आजीने सांगितलं, "सहेरीला मी उठवते तिला, डबा तेवढा द्या." नऊ घरांतून हो आलं, दोन घरांतून नाही. त्या दोघींपैकी एकीने नंतर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. माझ्यावर राग नव्हता, पण दुसऱ्या कुणावर काढणार?

जागा ठरलेली होती, मंठा रस्त्याला आतमध्ये, मित्राच्या काकांचं गहू निघालेलं रान आणि शेजारी मोसंबीची बाग. त्यांचा आखाडा (कुस्तीचा नव्हे, शेतातलं घर-गोठा) जवळच, त्यामुळे बाथरूमचा प्रश्न सुटला. खरं तर अर्ध्या घरांचा नकार त्या एका प्रश्नावरच टांगलेला होता, पण तो स्पष्ट कुणी विचारत नाही. संयोजकाने आपणहून सांगावं, हे मी शिकले.

प्रश्न उरला गोठ्यावरच्या एलईडीचा. असला पांढरा झोत, की दुर्बिणीची सावली पडावी! काका म्हणाले, "लाइट बंद केला अन् मोटारीची केबल गेली तर?" शेतातून केबल चोरीला जाते ही काही थट्टेची गोष्ट नाही. त्यात त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत, म्हणजे रात्री मोटार चालू करून बागेला पाणी द्यायचं. मी म्हटलं, "काका, एरवी तुमचा एकच बल्ब जागा असतो. आज चाळीस माणसं जागी असणार आहेत." काका हसले आणि स्वतः बटन बंद केलं. आम्ही टॉर्चवर लाल जिलेटिनचे कागद गुंडाळले, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. मोबाइल सगळे एका पिशवीत.

अंधार पडला. गावातली पोरं जमली आणि पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "शनी दिसतो का?" नाही. तो त्या महिन्यात सूर्याच्या पलीकडे दडलेला. गुरू मात्र होता. त्याचे चंद्र बघून एक पोरगा म्हणाला, "ताई, आत चित्र चिकटवलंय का?" यादीतला एम ७४ संधिप्रकाशातच बुडाला, तो गेलाच. वायव्येला शहराच्या दिव्यांचा पिवळट फुगा होता. आमच्या नवीन जालन्यातल्या गच्चीवरून कृत्तिकेत मला कसेबसे चार तारे मोजता येतात, इथे सहा मोजले. पप्पा सांगतात, लोडशेडिंगच्या दिवसांत गच्चीवरूनही आकाशगंगा दिसायची. लोडशेडिंग परत यावं असं मी म्हणणार नाही. बाराखडीएवढं इंजिनिअरिंग मलाही येतं. पण दिवा जमिनीकडे तोंड करून लावायला काय हरकत आहे?

दहाच्या सुमारास गाडी आली. या वेळी कुणी उठलं नाही. ड्रायव्हर चहा पिऊन सतरंजीवर आडवा झाला.

गुरुजी यादी मराठीत पुकारत होते आणि माझी पंचाईत. कॉन्व्हेंटच्या मुलीला एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की फोर्टी-नाइन? दोन्ही कन्या राशीतच, दोन्ही दीर्घिका, दोन्ही तितक्याच धुरकट! शेवटी मैत्रीण कानात इंग्रजीत सांगू लागली. तेवढ्यात मागून आजी, "ती बघ बाज." मी म्हटलं, "कुठली बाज?" तिने उत्तरेला सप्तर्षींकडे बोट केलं. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे बाज पळवणारे चोर. लहानपणी शेतात राखणीला जायची तेव्हा बाज कुठे फिरली त्यावरून ती पहाट ओळखायची. मृगाच्या पोटातला बाण तिला ठाऊक होता, 'तिकांडं' म्हणून. मला हे सगळं बिग डिपर आणि ओरायन्स बेल्ट म्हणून माहीत. एकाच घरात राहतो आम्ही. वीस वर्षांत हा विषय निघाला नव्हता, कारण रात्री आम्ही दोघी कधी बाहेर नव्हतोच.

दीडच्या सुमारास दक्षिणेला खाली ओमेगा सेंटॉरी सापडला, लाखो ताऱ्यांचा गोळा, दुर्बिणीत रवा सांडल्यासारखा. इतका मोठा, तरी मेसिएरच्या यादीत नाही. कारण तो पॅरिसमधून बघायचा आणि तिथे हा गुच्छ क्षितिजाच्या वर येतच नाही. जालन्याहून तो चांगला बावीस अंश वर चढतो.

आणि मग ती आली. आधी मला वाटलं आग्नेयेला ढग उठलाय. मी चिडून गुरुजींना म्हटलंही, "सर, ढग!" गुरुजी म्हणाले, "नीट बघ." वृश्चिकाची नांगी वर आली होती आणि तिच्यामागे तो 'ढग' जागचा हलत नव्हता. आम्ही नऊही जणी एका सतरंजीवर उताण्या पडून बघत होतो. पाचेक मिनिटं तरी कुणी बोललं नाही. इंजिनिअरिंगच्या मुलींचा हा विक्रमच समजा. पलीकडून कुणीतरी मुलगा म्हणाला, "दरवर्षी अशीच असते." त्याला काय माहीत!

साडेचारला आजीने मैत्रिणीला हलवलं. ती जागीच होती. डब्यात खजूर, पराठे, अंडी. आमच्या कागदावर पहाटेचा खगोलीय संधिप्रकाश सुरू व्हायची वेळ होती पाच वाजून आठ मिनिटं, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश. तिच्याकडच्या सहेरीच्या कार्डावरची वेळ जवळपास तीच. तिने दोन्ही कागद लाल टॉर्चखाली शेजारी शेजारी धरले आणि म्हणाली, "तुमचं आकाश उजळायला लागतं आणि माझं खाणं थांबतं, एकाच मिनिटाला."

शेवटचा घास घेऊन ती थेट दुर्बिणीला जाऊन उभी राहिली, कारण यादीतला शेवटचा एम ३० तेव्हाच उगवून वर येत होता. लेथवाले दादा नळी सरकवत होते, ती नजर लावून, आणि पूर्वेला राखाडी पट्टी रुंदावत होती. "दिसला... नाही... थांबा, दिसला!" आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तिसऱ्या मुलीपर्यंत तो होता, माझा नंबर आला तेव्हा नुसतं निळसर आभाळ. आमची बेरीज त्रेसष्टवर थांबली. (सिक्स्टी-थ्री. मी विचारून घेतलं.)

आजी तोवर चपला घालून तयार. "चला गं, गुढी उभी करायचीय." बांधावर कडुलिंबाचं झाड होतं. काकांना विचारून तिने फुलोऱ्याच्या डहाळ्या तोडून घेतल्या, नऊ घरांना पुरतील एवढ्या, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली.